एकतिसाव्या फ्रेममधला माणूस

फोटोत मागचं सगळं धूसर हवं, असं हल्ली प्रत्येकाला वाटतं. लग्नवाले तर पहिल्या भेटीतच सांगतात, "मॅडम, मागचं ते ब्लर आलं पाहिजे हां." मोबाइलमध्ये त्याचं बटण असतं. ते दाबलं की नवरीच्या झुमक्याबरोबर तिचा अर्धा कानही पुसला जातो, तरी लोक खूश! माझं डोकं फिरतं. खरं धूसरपण भिंगातून यावं लागतं, ते मागाहून चोपडता येत नाही. आणि मला जे हवं असतं ते तर एका फोटोत येतच नाही. माणूस लख्ख, त्याच्या मागचं-पुढचं सगळं विरघळलेलं, आणि तरीही अख्खी वाडी, माड, आभाळ फोटोत मावलेलं. जागा मावावी म्हणून मागे सरकलं की धूसरपण जातं. धूसरपणासाठी जवळ गेलं की जागा मावत नाही. मग एकच उपाय उरतो. जवळ उभं राहायचं, भिंग पूर्ण उघडायचं, एकाच दृश्याचे चाळीस-पन्नास तुकडे काढायचे आणि कॉम्प्युटरवर ते जोडायचे. कौलं चढवतात तसे, एकाची कड दुसऱ्यावर घेऊन.

या कामाचे नियम कडक आहेत. आधी माणूस. त्याचे आठ-दहा तुकडे पटापट काढायचे, तेवढा वेळ त्यानं हलायचं नाही. मग "झालं तुमचं, उठा" म्हणून त्याला मोकळं करायचं आणि बाकीची जागा सावकाश टिपत जायची. माणसाच्या डोळ्यांवर फोकस बसवला की तो शेवटपर्यंत हलवायचा नाही. आणि काम संपेपर्यंत चौकटीत दुसरं कोणी येता कामा नये. आलं, तर जोडताना अर्धाच माणूस उरतो, नाहीतर एकच माणूस दोनदा दिसतो. आमच्या धंद्यात त्याला भूत म्हणतात. "फोटोत भूत आलंय, काढ ते," असं आम्ही चहा पिता पिता बोलतो. मीही बोलायचे.

मी वसईजवळ गासला राहते, आईबरोबर. आमची वाडी आहे, केळी, सुपारी, थोडी फुलं. मधोमध बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आजोबांच्या हातचं. लग्नं, बारशी, चर्चमधली कम्युनियन, जे मिळेल त्याचे फोटो मी काढते.

दोन वर्षांपूर्वी आईच्या निवडलेल्या तांदळात खडे लागायला लागले. मी ओरडले तिच्यावर. माझा स्वभावच तसा, आधी ओरडते, मग विचारते. मग कळलं की तिला दाराची चौकट मधेच वाकडी दिसते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं आणि म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडा शाबूत राहतील. याला ऑपरेशन नाही. "म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसणार नाही," ते म्हणाले, "पण त्याच्या आजूबाजूचं दिसेल." घरी रिक्षातून उतरताना आई म्हणाली, "मधलं जायच्या आधी मला पोराचा चेहरा बघायचाय."

पोर म्हणजे माझा मोठा भाऊ. माझा दादा. तो तेव्हा तीन वर्षं घरी आलेला नव्हता, आणि त्याला कारण मी होते.

दादाला बावखल बुजवायचं होतं. त्यावर हॉल बांधायचा, लग्नाकार्याला द्यायचा. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. एक दिवस सकाळी मातीचा डंपर दाराशी आला. बाबा बघायला म्हणून उठले आणि बावखलाच्या काठावरच बसले, ते उठलेच नाहीत. डंपर भरलेला आला तसा भरलेला परत गेला. बाबांचं हृदय आधीपासून कमजोर होतं. डॉक्टरांनी वर्षभर आधी सांगितलं होतं, आणि ते मला माहीत होतं. तरी तेराव्याला, सगळे भावकीतले पंगतीला बसलेले असताना, मी त्याला म्हणाले, "बाबांना तूच घालवलंस." वाढणाऱ्या बायकांचे हात थांबले. दादा पानावरून उठला. महिन्याभरात वहिनीला घेऊन कामणला गेला, तिथल्या एका गोदामात कामाला लागला. स्कूटरवर तासाभराचा रस्ता, पण तेवढाही कोणी पार केला नाही.

आईला म्हटलं, फोन कर त्याला. तर ती म्हणाली, "मी कशाला करू? तू घालवलास, तू बोलाव. आनि डोळ्याचं काय सांगायचं नाय. कीव करून नको यायला."

मी बोलवू? मी? मेले तरी नाही, असं मी मनात म्हणाले. आईला तेव्हा चेहरे दिसत होते, तिला ते कळलं असणार. तिनं परत विषय काढला नाही.

बोलवण्याऐवजी मी काय केलं, तर फोटो काढला. आता बोला! आईचा एक धड फोटो घरात नव्हता, तिला दिसतंय तोवर तिला तो दाखवावा, असं मला वाटलं. की काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं, देव जाणे. पौषातली सकाळ होती, आठ-साडेआठची. बावखलाच्या काठाला स्टूल ठेवून आईला बसवलं. तिनं नवं लुगडं नेसायचं नाकारलं, मी चिडले, तिनं ऐकलं नाही. दहा फ्रेम तिच्या काढल्या. "झालं तुझं, जा," म्हटलं तशी ती चुलीवरचं पाणी बघायला आत गेली. मग मी रिकामं स्टूल सोडून बाकीची वाडी टिपायला लागले. पाणी, माड, पलीकडचा बांध, सुपारीची रांग.

पलीकडच्या बांधावर कोणीतरी येऊन उभं राहिलं. कॅमेऱ्यातून मला काय दिसणार? फोकस आईच्या डोळ्यांवर बांधलेला, त्यामुळे पलीकडचं सगळं म्हणजे नुसते रंगाचे डाग. एक उभा, करडा डाग. मला वाटलं केळी न्यायला आलेला कोणी असेल, नाहीतर वाट चुकलेला. मी डोळा कॅमेऱ्यावरून उचललासुद्धा नाही. डावा हात झाडला आणि ओरडले, "ओ दादा! बाजूला व्हा ना जरा, फोटो चाललाय!"

हे मी दिवसातून पन्नासदा म्हणते. लग्नात मधे येणारा प्रत्येक पुरुष दादा. रिक्षावाला दादा, मंडपवाला दादा, केटररचा माणूस दादा. डाग हलला आणि गेला. मी तीच फ्रेम परत काढली, म्हणजे एकतिसावी बाद आणि बत्तिसावी चांगली, असं मनात धरून पुढे गेले. एकूण अठ्ठेचाळीस झाल्या.

दोन दिवस जोडत बसले. खोटं कशाला बोलू, फोटो सुरेख झाला होता. आईच्या डोळ्यांखालची सुरकुती न् सुरकुती दिसत होती आणि तिच्या मागे अख्खी वाडी पाण्यात रंग सोडल्यासारखी. चार फूट रुंद प्रिंट करून आणली, ओटीवरच्या भिंतीला लावली. आईला समोर उभी केली.

ती समोर उभी राहिली नाही. दोन पावलं बाजूला सरकली, मान वळवली, कोंबडी बघते तसं एका बाजूनं बघायला लागली. तेव्हाच तिला मधलं जड जायला लागलं होतं.

"ही मी," ती म्हणाली. "बरी आलेय. आनि तो कोन?"

"कोण कुठे?"

तिनं डाव्या कडेला, सुपारीच्या रांगेपाशी बोट नेलं. "ह्यो."

"अगं, केळीचा खुंट असेल."

"खुंट असा नाय उभा राहत. ह्यो आता निघेल असा उभा हाय." मग जरा थांबून, "डावा खांदा खाली हाय बघ. माझ्या पोराचा खांदा हाय तो."

दादा लहानपणी माडावरून पडला होता. खांदा नीट बसला नाही तो नाहीच.

"काहीतरीच बोलू नकोस," मी फटकारलं. "तुला दिसत नाही, आणि ज्यात मला काही दिसत नाही त्यात तुला खांदा दिसतो होय?" असं बोलले मी तिला. तिच्या डोळ्यांवरून बोलले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पण आई खोलीत गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. बत्तिसाव्या फ्रेममध्ये कोणी नव्हतं. एकतिसाव्यात होतं. जोडणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्या जागी बत्तिसावी सोडून एकतिसावी उचलली होती, आणि माझ्यासारख्या चिकित्सक बाईच्या ते नजरेतून सुटलं होतं. मी तो डाग मोठा केला. मोठा करावा तसा तो आणखी पसरत गेला. तोंडाच्या जागी फिकट गोल, त्यात ना नाक ना डोळे. एक हात वर. म्हणजे त्यानं हात वर केला होता. कोणाला? मला.

मी उठून खोलीतला दिवा लावला. भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना.

यातलं खरं दुखणं कॅमेरा चालवणाऱ्यालाच कळेल. धूसर फोटो मागाहून स्पष्ट होत नाही. मी फोकस आईवर बांधला होता, म्हणून तिच्याखेरीज जगातलं दुसरं काहीही त्या अठ्ठेचाळीस फ्रेममध्ये स्पष्ट असणं शक्यच नव्हतं. आईला ज्याचा चेहरा बघायचा होता तो आमच्या बांधावर आला असेल, तर मी त्याचा फोटो काढला होता आणि त्यातला चेहरा तेवढा माझ्याच हातानं पुसला होता.

तरी मी प्रयत्न केला. आता नवीन आलंय ना, एआयवालं, धूसर फोटो धारदार करून देतं. मी डाग त्यात घातला. अर्ध्या मिनिटात पडद्यावर एक चेहरा आला. डोळे, भुवया, मिशी, सगळं स्पष्ट. तो दादा नव्हता. तो कोणीच नव्हता. जगात नसलेला एक माणूस आमच्या बांधावर उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि हसत होता. मी खुर्चीवरून उठले ती थेट ओटीवर येऊन आईच्या पायाशी बसले. परत गेले आणि तो चेहरा काढून टाकला, पण डोळ्यांपुढून गेला नाही. पुढे कित्येक दिवस दादाला आठवायला गेलं की आधी तो मिशीवाला यायचा.

मग मला नादच लागला. जुने जोडलेले फोटो काढून मी कडा तपासायला लागले. राजोडीच्या किनाऱ्यावरचं जोडपं, त्यांच्या मागे पाण्याशी एक काळा ठिपका. चर्चच्या पायऱ्यांवरची नवरी, खांबाच्या आड अर्धा पाय. हे कोण होते? मी हात झाडून किती जणांना हाकललं असेल आणि कुठे गेले असतील ते? वेड लागायची पाळी आली. बावखलावर कपडे धुताना मी पलीकडे बघायचं सोडलं. पाठ करून बसले तर पाठीला कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

आणि आई! तिनं आपली खुर्ची फोटोपाशी ओढून घेतली होती, समोर नाही, बाजूला. भाजी निवडता निवडता त्या कोपऱ्याशी बोलायची. "जेवलास का," असं विचारायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एक फोन केला की उलगडा होणार होता, हे मला रोज कळत होतं. नंबर मोबाइलमध्ये होता. पण तो दादाच असला तर? मग मीच त्याला दुसऱ्यांदा घालवला असं होणार. आणि नसला तर आईचं तेवढंही जाणार. असं करत चार महिने मी काढले. भीती होती त्यात, पण निम्मा माज होता. तेही सांगूनच टाकते.

वैशाखात एक दिवस मी वसईहून काम आटपून आले, चपला काढल्या आणि आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. आईनं मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघितलं, सरळ बघितलं, आणि विचारलं, "कोन?"

मी आणखी पुढे वाकले.

"कोन हाय? बोला ना, कोन पायजे?"

मला अहो-जाहो. मी "आई" म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर ओळख आली, आणि मग ती हसून म्हणाली, "मधी धूर बसलाय गं पुरता." बस, एवढंच. तशीच उठून मी मागच्या पडवीत गेले आणि दादाला फोन लावला.

"हॅलो." मागे गोदामात गाडी मागे घेतल्याचं टीं-टीं वाजत होतं.

"मी बोलतेय."

"हं."

"पौषात तू वाडीवर आलेलास का?"

टीं-टीं दूर गेलं, तो बाहेर आला असावा. मग म्हणाला, "आलो होतो. आईला बघायला."

"मग आत का नाही आलास?"

"तूच हाकललंस ना."

"अरे, मी ओळखलं नाही तुला! कॅमेऱ्यातून मला नुसता डाग दिसत होता!"

"दादा म्हणालीस की."

"मी सगळ्यांनाच दादा म्हणते!"

"बाजूला व्हा म्हणालीस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "व्हा! जन्मात कधी मला अहो-जाहो केलं नव्हतंस. मला वाटलं, ओळखून, मुद्दाम परकं करतेय. मी हात वर केला, तर तू हात झाडलास. मग झालो बाजूला."

मी पडवीत खाली बसले. रडू आलं ते आवरलं नाही. "तेराव्याला मी बोलले ते खोटं होतं," मी म्हणाले. "बाबांचं मला आधीपासून माहीत होतं. माहीत असून बोलले."

"ते राहू दे आता."

"राहू दे काय? येतोस ना?"

"आईनं बोलावलंय?"

"मी बोलावतेय."

डोळ्यांचं मी सांगितलं नाही. आईनं बजावलं होतं, आणि एकदा तरी तिचं ऐकावं असं मला वाटलं. इथेही चुकलेच.

तो रविवारी आला, सकाळी दहाच्या सुमाराला. कानापाशी पांढरा झालेला, खांदा तसाच. ओटीच्या पायरीवर उभा राहिला आणि "आई" म्हणाला. आई खुर्चीत बसली होती. आवाज ऐकून तिनं मान वळवली. त्याच्याकडे नाही. उजवीकडे, भिंतीकडे.

दादाचा चेहरा पडला. मी तो समोरून बघितला, लख्ख. त्यानं नुसती मान हलवली, जसं काही हे होणार हे त्याला ठाऊकच होतं, आणि एक पाऊल मागे घेऊन पायानं चप्पल चाचपायला लागला.

"अरे थांब!" मी किंचाळले. "तोंड नाही फिरवत ती! ती बघतेय तुला! तिला आता असंच दिसतं रे, बाजूनंच, समोरचं काही दिसत नाही तिला!"

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तसा तो येऊन तिच्या गुडघ्यांशी बसला. तिनं भिंतीकडे तोंड ठेवूनच त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, जरा इकडे केलं, जरा तिकडे केलं, दिव्यासमोर अंडं धरून बघतात तसं.

"कानाजवळ पिकलास रे," ती म्हणाली. "कॉलर विरलीय. बायको बघत नाय का?"

मला राहवेना. फोन न करता घालवलेले ते चार महिने माझे होते. "आई," मी विचारलं, "चेहरा दिसला का गं त्याचा?"

"नाय," ती म्हणाली.

तिनं अंगठा त्याच्या कपाळावरून नाकावर आणला, नाकावरून ओठांवर. दादा डोळे मिटून बसला होता. मी खांबाला धरून उभी होते. मग ती मला म्हणाली, "रडत नको उभी राहू. उन्हाचा आलाय तो. जा, पानी आन त्याला."

मी आत गेले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि बराच वेळ बाहेर आले नाही.